लोड ॲव्हरेजचं कूळ आणि मूळ

लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून 'अपटाइम' ही कमांड दिली की एकच ओळ उमटते. आत्ता वाजले किती, मशीन कधीपासून चालू आहे, लॉगिन किती जण आहेत, आणि सगळ्यात शेवटी 'लोड ॲव्हरेज' असं लिहून त्यापुढे तीन आकडे. समजा ४.१२, २.०७ आणि ०.९५. पहिला गेल्या एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. 'टॉप' उघडलं तरी पहिल्याच ओळीत हेच त्रिकूट बसलेलं असतं, 'डब्ल्यू' दिलं तरी तेच. हिंजवडीत रात्रपाळीला बसून सातासमुद्रापलीकडचे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरापोरींना मध्यरात्री जो अलर्ट येतो, तो बऱ्याचदा याच आकड्याच्या नावाने येतो. लोड वाढलाय, बघा.

पण बघायचं काय? ४.१२ हे टक्के नव्हेत, सेकंदही नव्हेत. आकड्याला वरची मर्यादा नाही आणि शेजारी एकक लिहिलेलं नाही. 'कोअर जितके तितक्यापर्यंत लोड चालतो' हा ठोकताळा जो तो ज्याला त्याला शिकवतो. आणि मग एके दिवशी लोड दोनशेच्या वर गेलेला असतो, सीपीयू मात्र निवांत पडलेला दिसतो, आणि ठोकताळा उघडा पडतो. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. या आकड्याचं मात्र शोधल्याशिवाय तो वाचताच येत नाही, कारण वाटेत त्याचा अर्थ बदलला आणि नाव तेच राहिलं.

मूळ सापडतं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही तिथली कंपनी मुळात ध्वनिशास्त्राची सल्लागार. पुढे ती संगणकात शिरली आणि इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची पहिली जोडयंत्रं तिने बांधली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मंडळींनी डीईसीच्या पीडीपी-१० या मशीनसाठी टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिच्यावरचा डॅनियल बॉब्रो, जेरी बर्चफील, डॅन मर्फी आणि रे टॉमलिन्सन यांचा निबंध १९७२ सालचा. यातले टॉमलिन्सन म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात ते ॲटचं चिन्ह बसवणारे गृहस्थ.

टेनेक्स ही टाइम-शेअरिंगची सिस्टीम. मशीन एक, टर्मिनलं अनेक, आणि सीपीयू प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून देणार. कमांड दिली आणि उत्तर येईना, तर माणसाला प्रश्न पडायचा, की आपला प्रोग्रॅम अडकलाय की मशीनवरच गर्दी आहे? त्यासाठी टेनेक्समध्ये एक झकास सोय होती. कंट्रोल आणि टी ही बटणं एकत्र दाबली की चालू प्रोग्रॅम न थांबवता एक ओळ छापली जायची. प्रोग्रॅम काय करतोय, त्याने सीपीयूचा किती वेळ घेतला आणि मशीनवर लोड किती आहे. ही सोय आजही मॅकच्या टर्मिनलमध्ये जिवंत आहे. एखादी लांबलचक कमांड चालू असताना कंट्रोल-टी दाबून बघा, ओळीत सुरुवातीलाच 'लोड' येतो. लिनक्समध्ये ती कधी आलीच नाही. का आली नाही कोण जाणे. मला तरी हा करंटेपणा वाटतो.

ऑगस्ट १९७३ मध्ये अर्पानेटच्या टिपणांच्या मालिकेत ५४६ क्रमांकाचं एक छोटं टिपण निघालं. विषय होता जुलै महिन्यातले टेनेक्स मशीनांचे लोड ॲव्हरेज. लिहिणारे आर. थॉमस, म्हणजे तेच बॉब थॉमस ज्यांच्या 'क्रीपर'ला जगातला पहिला संगणकी विषाणू मानलं जातं. टिपणाला हाताने काढलेला आलेख जोडलेला आहे. त्यात व्याख्या स्वच्छ आहे. लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूला असलेली मागणी. धावायला तयार असलेल्या प्रोसेस ठराविक काळात सरासरी किती होत्या, तो आकडा. एका सीपीयूच्या मशीनवर तासाचा लोड १० असेल तर त्या तासात केव्हाही डोकावलं तरी एक प्रोसेस धावत असणार आणि नऊ रांगेत उभ्या असणार. डिस्ककडे किंवा टर्मिनलकडे डोळे लावून बसलेल्या प्रोसेस या हिशेबात नाहीत.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. हा आकडा मशीन सांभाळणाऱ्यासाठी जितका होता, त्याहून अधिक तो मशीन वापरणाऱ्यासाठी होता. अर्पानेटवर अनेक ठिकाणी टेनेक्स चालत होतं, आणि त्या मशीनांना एकत्र जोडणारी व्यवस्था थॉमस स्वतःच लिहीत होते. कुठल्या मशीनवर आत्ता गर्दी कमी आहे हे कळलं तर काम तिकडे न्यावं, हा साधा हेतू. एक, पाच आणि पंधरा मिनिटं हे तीन काळही तेव्हाचेच. टेनेक्सच्या शेड्यूलरच्या सोर्स कोडमध्ये त्यांचे स्थिरांक सापडतात. ब्रेंडन ग्रेग या कामगिरी-तज्ज्ञाने २०१७ साली हे जुनं दप्तर उलगडलं, तोवर बहुतेकांची समजूत होती की हे सगळं युनिक्सवाल्यांचं.

युनिक्समध्ये हा आकडा स्थिरावला तो बर्कली विद्यापीठात. १९७९ च्या अखेरीस आलेल्या थ्री-बीएसडीत 'डब्ल्यू' आणि 'अपटाइम' आहेत. बीएसडीत अपटाइम ही वेगळी कमांड नव्हतीच. डब्ल्यूच दुसऱ्या नावाने हाक मारली की फक्त पहिली ओळ देऊन गप्प बसायची. व्हर्च्युअल मेमरीचा हिशेब दाखवणारं 'व्हीएमस्टॅट'ही त्याच घराण्यातलं. डिस्कवर जागा किती उरली हे सांगणारं 'डीएफ' या सगळ्यांपेक्षा ज्येष्ठ, नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलातलं. जागा संपणं हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं दुखणं.

तेव्हा हे आकडे मिळवायची रीत मात्र अंगावर काटा आणणारी होती. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपल्या मेमरीत 'ॲव्हनरन' नावाच्या चलात तीन सरासऱ्या ठेवायचा. त्या हव्या असतील तर प्रोग्रॅमने कर्नलची फाइल उघडायची, तिच्यातल्या नावांच्या यादीतून ॲव्हनरनचा पत्ता काढायचा, मग कर्नलची आख्खी मेमरी ज्या खास फाइलमधून दिसते ती उघडून नेमक्या त्या पत्त्यावर जाऊन वाचायचं. त्यासाठी जादा अधिकार लागायचे. कर्नल बदलला आणि फाइल जुनी राहिली की आकडे भलतेच. प्रत्येक कंपनीच्या युनिक्सचा पत्ता वेगळा, मांडणी वेगळी. ईमॅक्स हा एडिटर आपल्या पट्टीवर वेळेसोबत लोडही दाखवतो; एवढ्याशा हौसेपायी त्याच्या सोर्समध्ये लोड वाचणारी एक स्वतंत्र फाइल आहे आणि तिच्यात दुनियेतल्या एकेका सिस्टीमसाठी वेगळी सोय करून ठेवली आहे. युनिक्सच्या भाऊबंदकीचा इतका बोलका दस्तऐवज दुसरा नाही.

यातून सुटका केली ती टॉम किलियन यांच्या एका कल्पनेने. १९८४ साली त्यांनी बेल लॅब्जच्या आठव्या युनिक्ससाठी मांडलं, की प्रत्येक चालू प्रोसेस फाइलसारखी दिसू द्या. 'प्रॉक' नावाची डिरेक्टरी, आत प्रोसेसच्या क्रमांकाची नावं. पुढे प्लॅन-नाइन या सिस्टीमने त्या फाइलींत माणसाला वाचता येईल असा मजकूर भरला. लिनक्सने १९९२ मध्ये प्रॉक आणलं, आणि लौकरच प्रोसेसपुरतं न थांबता मेमरी, इंटरप्ट, लोड असं दिसेल ते त्यात ओतलं. शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण लिनक्सवरची बहुतेक निरीक्षण-साधनं आज उभी आहेत ती याच पसाऱ्यावर. प्रॉकमधली लोडॲव्हजी फाइल 'कॅट'ने वाचा: तीन सरासऱ्या, मग या घडीला धावू शकणारी कामं आणि एकूण कामं तिरक्या रेघेने तोडून, आणि शेवटी सगळ्यात अलीकडे जन्मलेल्या प्रोसेसचा क्रमांक. अपटाइम काय किंवा टॉप काय, आकडे मिळतात ते कर्नलच्या याच वहीतून.

टॉपही १९८४ चंच. विल्यम लफेव्हर यांनी ते राइस विद्यापीठात असताना लिहिलं. प्रेरणा डीईसीच्या व्हीएमएस सिस्टीममधली. तिथल्या मॉनिटर कमांडला 'टॉपसीपीयू' असा एक पर्याय होता, सगळ्यात जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस वर दाखवणारा. नाव तिथूनच आलं. २००४ साली ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी रंगीत पट्ट्यांचं एचटॉप काढलं, एच त्यांच्या नावाचा. पट्ट्या देखण्या, माउस चालतो, प्रोसेस निवडून तिथल्या तिथे मारता येते. पण कोपऱ्यात तेच तीन आकडे.

एचटॉपच्या कितीतरी आधीपासून हे आकडे फक्त माणसं वाचत नव्हती. टपाल पोचवणारं सेंडमेल लोड ठराविक मर्यादेपलीकडे गेला की नवी जोडणी नाकारतं. 'बॅच' कमांडला दिलेलं काम लोड १.५ च्या खाली उतरेपर्यंत थांबून राहतं. 'मेक'ला एल हा पर्याय दिला तर तो लोड बघून नवी कामं सोडतो. थोडक्यात, या आकड्याच्या भरवशावर यंत्रं निर्णय घेऊ लागली. आणि नेमक्या याच काळात लिनक्समध्ये त्याची व्याख्या बदलली.

२९ ऑक्टोबर १९९३. लिनक्स अजून १.० सुद्धा झालेला नाही. मटियास उर्लिक्स या जर्मन प्रोग्रॅमरने एक चिमुकला पॅच पाठवला. तोवर लिनक्सही टेनेक्सच्या वळणाने धावायला तयार असलेल्याच प्रोसेस मोजत होता. उर्लिक्स यांचं म्हणणं असं, की वेगवान स्वॅप-डिस्क काढून तिथे मंद डिस्क बसवली तर मशीन साहजिकच रखडतं, पण लोड मात्र उलटा खाली येतो, कारण सगळ्या प्रोसेस डिस्ककडे टक लावून झोपलेल्या असतात आणि झोपलेल्यांना कोणी मोजत नाही. वापरणाऱ्याला जे जाणवतं त्याच्या हे बरोब्बर विरुद्ध. म्हणून त्यांनी मोजणीच्या अटीत आणखी दोन अवस्था घातल्या. स्वॅप होत असलेली प्रोसेस एक, आणि दुसरी अशी झोपलेली, जिला मध्येच उठवता येत नाही. बदल स्वीकारला गेला आणि त्या दिवसापासून लिनक्सचा लोड सीपीयूचा न राहता सगळ्या सिस्टीमचा झाला. बँकेत काउंटरपुढे उभे असलेले मोजायचे, की आत मॅनेजरच्या केबिनमध्ये सहीसाठी अडकलेलेही मोजायचे, असा तो फरक.

उर्लिक्स यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. फसगत झाली ती पुढे. मध्येच उठवता न येणारी ही झोप त्या काळी बहुतांशी डिस्कसाठीच असायची. प्रोसेसच्या माहितीत तिचं वर्णन आजही 'डिस्क स्लीप' असंच येतं आणि 'पीएस'च्या यादीत तिच्यापुढे डी हे अक्षर लागतं. पण कर्नल वाढत गेला तशी ही अवस्था कितीतरी ठिकाणी वापरली जाऊ लागली. काही प्रकारच्या कुलपांसाठी थांबलेलं काम, नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कच्या उत्तरासाठी थांबलेलं काम, सगळे डी.

त्या दोनशेच्या लोडचं गुपित इथे आहे. समजा एनएफएसवरून एक फोल्डर दुसऱ्या मशीनवरून जोडलंय आणि ते दुसरं मशीन बंद पडलं. दर मिनिटाला क्रॉनमधून एक स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये डोकावते. पहिली स्क्रिप्ट गेली ती तिथेच थिजली, अवस्था डी. मिनिटभराने दुसरी, तिचंही तेच. तीन तास झाले की लोड १८० च्या घरात. सीपीयू ९९ टक्के रिकामा. 'किल'ला ९ हा आकडा लावून सोडला तरी एकही मरत नाही, निदान पूर्वी मरत नसे; मारता येईल अशी डी अवस्था कर्नलमध्ये आली ती २००८ साली. नवखा माणूस अशा वेळी टॉपकडे बघत बसतो आणि सीपीयू कोण खातंय ते शोधतो. कोणीच खात नसतं. त्याने 'पीएस' देऊन डी अवस्थेतल्या प्रोसेस तेवढ्या गाळून काढाव्यात आणि त्या कशाची वाट बघताहेत ते पाहावं. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आकडा बनतो कसा हेही एकदा जवळून बघण्यासारखं आहे, कारण 'एका मिनिटाची सरासरी' हे वर्णनही पूर्ण खरं नाही. कर्नल दर पाच सेकंदांनी मोजणी करतो. खरं तर पाच सेकंद आणि घड्याळाची एक टिक. ती जादा टिक मुद्दाम घातलेली आहे: पुष्कळ कामं नेमक्या पूर्ण सेकंदाला जागी होतात, मोजणीही त्याच ठोक्याला झाली तर ती नेहमीच जागी सापडतात आणि रिकामं मशीनही भारलेलं दिसतं. मोजलेला आकडा जुन्या सरासरीत मिसळायचा, जुन्याचं वजन सुमारे ०.९२, नव्याचं ०.०८. कर्नलमध्ये अपूर्णांकांचं गणित टाळतात म्हणून १ ऐवजी २०४८ धरलंय आणि ०.९२ च्या जागी १८८४. पाच मिनिटांसाठी २०१४, पंधरासाठी २०३७. परिणाम काय होतो? अगदी शांत मशीनवर एक अखंड फिरणारा प्रोग्रॅम सोडा. मिनिटभराने एका मिनिटाचा लोड १.०० दिसायला हवा ना? दिसतो ०.६२ किंवा ०.६३. उरलेलं वजन त्याच्या आधीच्या शांततेचं. म्हणजे या 'मिनिटा'त मिनिटापूर्वीचाही बराच भाग मिसळलेला असतो. तरीही या त्रिकुटाचा एक उपयोग पक्का आहे. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर संकट चढतंय, लहान असेल तर ओसरतंय. सुरुवातीच्या उदाहरणात ते चढत होतं.

मेमरीच्या हिशेबातही असाच घोळ वर्षानुवर्षं चालला. 'फ्री' कमांड दिली की रिकामी मेमरी जेमतेम उरलेली दिसायची आणि लोक घाबरून रॅम मागवायचे. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडून देतो, हे सांगून सांगून जुने ॲडमिन थकले. शेवटी २०१४ मध्ये कर्नलनेच 'उपलब्ध मेमरी' असा स्वतंत्र अंदाज द्यायला सुरुवात केली आणि फ्रीमध्ये त्याचा रकाना आला. एक रकाना आणि कितीतरी वाद मिटले. लोडला असं भाग्य लवकर लाभलं नाही.

उलट त्याचे हाल वाढले. मशीनमध्ये शेकडो कोअर आले, रिकाम्या कोअरने टिक घेणंच बंद केलं, आणि सगळ्यांची बेरीज एका आकड्यात बसवणं ही कसरत झाली. कर्नलमध्ये हे काम करणाऱ्या फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने स्पष्ट नोंदवलंय, की आकडा बाष्कळ आहे, पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो म्हणून आम्ही हा खटाटोप करतो. त्यात कंटेनर आले. कंटेनरच्या आत शिरून अपटाइम दिलं तर लोड दिसतो तो अख्ख्या यजमान मशीनचा. तुमच्या वाट्याला अर्धा कोअर असेल आणि शेजारी कोणी धिंगाणा घालत असेल, तरी धिंगाण्याचा आकडा तुमच्या पुढ्यात.

योग्य प्रश्न विचारायला सुरुवात झाली ती २००६ च्या सुमारास. आयबीएममधल्या शैलभ नागर आणि बलबीर सिंग यांच्या कामातून कर्नल प्रत्येक कामाचा खोळंबा मोजू लागला: सीपीयूसाठी किती थांबलं, डिस्कसाठी किती, स्वॅपसाठी किती. किती जण रांगेत आहेत यापेक्षा रांगेत वेळ किती गेला हे महत्त्वाचं, हा तो विचार. फेसबुकमधल्या योहानेस वाइनर यांनी तो पुढे नेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्स ४.२० सोबत 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन', थोडक्यात पीएसआय, आलं. प्रॉकमध्ये प्रेशर नावाची डिरेक्टरी आणि तिच्यात सीपीयू, मेमरी, आयओ अशा तीन फाइली. प्रत्येकीत 'सम' म्हणजे निदान एक तरी काम त्या गोष्टीपायी अडलं होतं असा वेळ किती टक्के, आणि मेमरी व आयओच्या फाइलींत 'फुल' म्हणजे एकही काम पुढे सरकत नव्हतं असा वेळ किती टक्के. दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटं अशा तीन सरासऱ्या इथेही आहेतच. तीनचं व्यसन सुटलेलं नाही. पण आकड्याला आता एकक आहे, मर्यादा आहे, आणि सीपीयू, डिस्क, मेमरी यांची खिचडी नाही. कंटेनरसाठी वेगळा हिशेबही मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कमी पडली की कुठलं ॲप बंद करायचं हे ठरवणारा प्रोग्रॅमही याचाच आधार घेतो.

तेव्हा अलर्ट लावणाऱ्यांना एक विनंती. निव्वळ लोडवर कोणाला झोपेतून उठवू नका. लोड राहू द्या, त्याच्या चढउताराकडे नजर असू द्या, पण उठवायचं ते प्रेशरच्या टक्क्यांवरून. आणि तुमच्या सर्व्हरवर ती डिरेक्टरीच सापडली नाही तर कर्नल जुना आहे असं लगेच समजू नका. रेड हॅटसारख्या काही वितरणांत ही सोय कर्नलमध्ये असते, पण बंद ठेवलेली. बूटच्या ओळीत 'पीएसआय बरोबर १' एवढं घालून मशीन पुन्हा सुरू करावं लागतं.